पालथी सायकल, वाऱ्याला चकवा!

मुलांनो, पाळण्यातलं बाळ आधी उताणं झोपतं. आढ्याकडे बघत हातपाय झाडत राहतं. मग एके दिवशी ते कूस बदलतं, पालथं पडतं आणि मान वर काढून समोर बघायला लागतं. घरात केवढा आनंद! "बाळ पालथं पडलं बरं का!" असं आजी शेजारी जाऊन सांगून येते.

आजची गोष्ट अशाच एका पालथ्या पडलेल्या माणसाची आहे. पण हे बाळ चांगलं ४८ वर्षांचं होतं! स्वतः बनवलेल्या सायकलीवर पालथं झोपून, डोकं पुढे आणि पाय मागे ठेवून, त्यानं ताशी ९१ किलोमीटरचा वेग गाठला. पेट्रोल नाही, बॅटरी नाही, उतारावरून सोडलेली गाडी नाही. नुसते दोन पाय. आपल्या धुळे-सोलापूर महामार्गावर ही सायकल धावली असती, तर एसटीतल्या प्रवाशांनी खिडकीतून तोंडात बोट घातलं असतं.

त्या माणसाचं नाव ग्रेम ओब्री. राहणारा स्कॉटलंडचा. त्याच्याकडे जाण्याआधी आपण आपल्या बीड जिल्ह्यातूनच सुरुवात करू.

पाय तेच, मग फरक कशाचा?

आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. ३००० मीटर स्टीपलचेस ही त्याची शर्यत. धावता धावता २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करायचा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ही शर्यत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पुरी केली आणि रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक हुकलं ते फक्त पाच शतांश सेकंदांनी!

आता वही घ्या आणि त्याचा वेग काढा. उत्तर येईल ताशी साधारण २२ किलोमीटर. जगातल्या उत्तम धावपटूंपैकी एकाचा हा वेग. पण गंमत अशी, की सपाट रस्त्यावर थोडा जोर लावला तर आठवीतली मुलगीसुद्धा साध्या सायकलीवर काही क्षण २२ चा वेग गाठू शकते. म्हणजे तिच्या पायांत अविनाशपेक्षा जास्त बळ आहे का? छे! धावणाऱ्याला प्रत्येक पावलाला आपलं सगळं अंग वर उचलावं लागतं. सायकलीवर अंगाचं ओझं चाकं वाहतात. पायांचं बळ वाढत नाही, वाया जाणारं बळ वाचतं.

वेगवान सायकल बनवायची म्हणजे नेमकं हेच करायचं. बळ कुठे वाया जातं ते शोधायचं आणि ती गळती बुजवायची. माठाला बारीक चीर पडली तर आपण तेच करतो ना?

न दिसणारी भिंत

सायकलीचं बळ कुठे गळतं? थोडं टायर आणि रस्त्याच्या घर्षणात, थोडं चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये. पण वेग वाढला की सगळ्यांत मोठा चोर एकच असतो, तो म्हणजे वारा. हवा डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण तिला काहीच नाही असं समजतो. प्रत्यक्षात सायकलस्वार क्षणाक्षणाला हवेची भिंत फोडत पुढे जात असतो.

हे पटत नसेल तर हौदात हात घाला. पंजा आडवा धरून पाणी जोरात ढकला. हाताला केवढा दाब लागतो! आता पंजा सुरीसारखा उभा धरा आणि तसाच फिरवा. हात सुळकन जातो. पाणी तेच, हात तोच, फक्त समोरून दिसणारा आकार लहान झाला. हवेतही असंच घडतं.

या चोराचा हिशेब मोठा विलक्षण आहे. समजा, तुम्ही वेग दुप्पट केला. आता दर सेकंदाला दुप्पट हवा तुमच्या अंगावर येते आणि ती दुप्पट जोरानं आदळते. दोन गुणिले दोन, म्हणजे अडथळा झाला चौपट. शिवाय त्याच सेकंदात तुम्हांला दुप्पट अंतर तोडायचं असतं. म्हणून वारा कापायला लागणारी शक्ती होते आठपट!

आता आकडे बघा. साध्या सायकलीवर ताठ बसून ताशी २० किलोमीटरनं जाताना नुसता वारा कापायला ढोबळ मानानं ५५ वॅट शक्ती लागते. एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ताशी ४० ला लागतात जवळजवळ साडेचारशे वॅट. इथे चांगला तयारीचा शर्यतपटूही थोड्याच वेळात धापा टाकू लागेल. आणि ताशी ९० ला? पाच हजार वॅटच्या वर, म्हणजे सुमारे सात अश्वशक्ती. रस्त्यावरच्या स्कूटरच्या इंजिनाएवढी! एवढी शक्ती कुठल्याही माणसाच्या पायांत नसते.

बालाघाटच्या डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथेही हाच नियम लागू पडतो. वारा दुप्पट वेगानं वाहिला की त्याच्यातली शक्ती आठपट होते. पवनचक्कीला जो नियम वीज देतो, तोच सायकलवाल्याचं बळ चोरतो.

मग करायचं काय? पाय आणखी बळकट करून हे भागणार नाही. वाऱ्याला चकवायचं. समोरून दिसणारा आकार इतका लहान करायचा, की वाऱ्याला धरायला काही सापडूच नये.

झोपणाऱ्यांवर बंदी!

झोपून सायकल चालवायची कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या कारागिरानं उताणं रेलून चालवायची एक बुटकी सायकल बनवली होती. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर हा खेळाडू तिच्यावर बसला. फोर काही पहिल्या फळीतला नव्हता. पण त्यानं एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि १९१४ पासून टिकलेला तासाचा विक्रम मोडला!

सगळीकडे खळबळ माजली. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेनं नियम केला, की असल्या झोपायच्या सायकली शर्यतीत चालणार नाहीत. शर्यत माणसांची, यंत्रांची नव्हे, असं नियमवाल्यांचं म्हणणं. आणि चांगलं यंत्र बनवणं हेही माणसाचंच कर्तृत्व नाही का, असं कारागिरांचं म्हणणं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तुमच्या वर्गात यावर वादविवाद घेऊन बघा.

धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग

ग्रेम ओब्रीचा जन्म १९६५ सालचा. वडील पोलिसात. पोलिसाचा मुलगा म्हणून गावातली मुलं त्याला छळायची, मारायची. सायकल ही त्याची सुटका होती. पायडल मारलं की गाव मागे, छळणारे मागे.

मोठेपणी त्याच्याकडे ना पैसा होता, ना मोठी कंपनी पाठीशी. तासाच्या विक्रमासाठी त्यानं स्वतःच एक सायकल जोडली. दोन्ही पाय जवळजवळ फिरले पाहिजेत, असं त्याचं मत. त्याला मनाजोगं बेअरिंग मिळालं ते कपडे धुण्याच्या यंत्रात! सीटपासून हँडलपर्यंत जाणारी आडवी नळी गुडघ्यांना लागेल म्हणून त्यानं ती ठेवलीच नाही. हँडलवर छाती टेकून, हात अंगाखाली दुमडून तो असा काही बसायचा, की बघणाऱ्याला हसूच यावं.

१६ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामार गावच्या ट्रॅकवर त्यानं प्रयत्न केला आणि तो फसला. थकलेलं अंग दुसऱ्या दिवशी लाकडासारखं ताठतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं काय केलं असेल? तो रात्री भरपूर पाणी प्यायला! दर दोन तासांनी लघवीला उठावं लागलं आणि प्रत्येक वेळी उठल्यावर तो पायांना ताण देऊन घ्यायचा. सकाळी तो पुन्हा ट्रॅकवर हजर. एका तासात ५१.५९६ किलोमीटर! इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरचा नऊ वर्षं टिकलेला विक्रम मोडला.

आठवड्याच्या आतच ख्रिस बोर्डमन या इंग्लंडच्या खेळाडूनं तो विक्रमही मोडला. ओब्रीनं १९९४ मध्ये परत मिळवला. दोनदा तो ट्रॅकवरच्या पाठलाग शर्यतीत जगज्जेताही झाला. पण त्याची ती छाती टेकून बसायची पद्धत संघटनेनं बंद केली. त्यानं हात पुढे ताणून बसायची दुसरी पद्धत शोधली. पुढे तीही बंद झाली!

पातेल्याचा तुकडा आणि शिलाई मशीनची युक्ती

असा माणूस गप्प बसतो का? ज्या शर्यतीत बसण्या-झोपण्याचे नियमच नाहीत तिथेच जायचं, असं त्यानं ठरवलं. माणसाच्या बळावर चालणाऱ्या वाहनांचा वेगविक्रम. तिथे उताणं झोपा, पालथं झोपा, सायकलीवर टरफल चढवा, सगळं चालतं. सॉल्टकोट्स गावातल्या आपल्या घरात, चक्क स्वयंपाकघरात, त्यानं नवी सायकल बनवायला घेतली. नाव ठेवलं 'बीस्टी'.

आधी प्रश्न आला, की झोपायचं कसं? उताणं की पालथं? दोन्हींत फायदे आहेत आणि दोन्हींची किंमतही मोजावी लागते.

उताणं झोपलं तर पाठीला टेकायला जागा मिळते. पाठ रेटून पायांनी जोर लावता येतो. पडलंच तर पाय पुढे असतात, डोकं मागे सुरक्षित. पण गुडघे वर येतात, त्यांना जागा द्यावी लागते. आणि समोरचं बघायला मान उचलावी लागते.

पालथं झोपलं तर नजर थेट रस्त्यावर. पण मान सतत वर धरायची, म्हणजे ती अवघडते. छातीवर आणि पोटावर दाब येतो, श्वास पुरत नाही. आणि पडलं तर सगळ्यांत आधी डोकं आपटायची भीती!

सगळा विचार करून ओब्रीनं पालथं झोपायचं ठरवलं. लगेच दुसरा प्रश्न. पालथं झोपून पाय मागे रेटले की अंग पुढे सरकतं. घरी सतरंजीवर पालथं झोपून भिंतीला पाय लावून रेटा, लगेच कळेल. उताण्याला पाठीचा टेकू असतो, पालथ्याला टेकू कुठला? खांद्यांचा! पण खांद्याच्या गोलाईत बसेल असा कडक धातूचा तुकडा आणायचा कुठून? ओब्रीनं स्वयंपाकघरातलं जुनं पातेलं कापलं आणि त्याच्या तुकड्यांतून खांद्यांचे टेकू बनवले. पातेल्याला गोलाई आयतीच असते, नाही का?

तिसरा प्रश्न पायांचा. नेहमीचं पायडल गोल फिरतं. टाच खाली जाते, गुडघा वर येतो. त्या गोलाला जागा लागते आणि जागा दिली की सायकलीचं शेपूट जाड होतं. वाऱ्याला शेपूट जाड झालेलं आवडत नाही! म्हणून ओब्रीनं गोल फिरणारं पायडल काढूनच टाकलं. त्याचे पाय नुसते मागे-पुढे जात. मागे रेटायचं, पुढे ओढायचं. दांड्यांच्या जोडणीतून त्या मागे-पुढे हलण्याचं गोल फिरणं होई आणि चाकाला गती मिळे. हे अवघड वाटत असेल तर शिंप्याच्या दुकानात जा. पायानं चालवायच्या शिलाई मशीनची पट्टी वर-खाली हलते आणि चाक मात्र गोल फिरतं. युक्ती तीच!

शेवटी या सगळ्यावर चढवलं एक गुळगुळीत टरफल. मासा बघा. तोंडाकडे गोलसर, शेपटीकडे निमुळता. पाणी त्याच्या अंगावरून अलगद सरकतं, मागे भोवरे होत नाहीत. अशा टरफलात ओब्री घुसला, की त्याची हनुवटी पुढच्या चाकाच्या अगदी जवळ येई.

दोनशे मीटर, आठ सेकंद

अमेरिकेत नेव्हाडा राज्यात बॅटल माउंटन नावाचं छोटं गाव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १४०० मीटर उंचावर, आजूबाजूला ओसाड माळ. हवा विरळ, म्हणजे भिंत थोडी पातळ! गावाजवळ एक लांबच लांब, सरळ, जवळपास सपाट रस्ता आहे. २००० सालापासून तिथे या सायकलींचा मेळा भरू लागला.

तिथली पद्धत अशी. थोडा वेळ रस्त्यावरची वाहतूक थांबवतात. स्वाराला टरफलात बंद करतात. आतून पाय जमिनीला टेकवता येत नाहीत, म्हणून निघताना मदतनीस धरून ढकलतात आणि शेवटी धावत येऊन पकडतात. वेग वाढवायला सुमारे आठ किलोमीटर रस्ता मिळतो. मोजणी होते फक्त शेवटच्या २०० मीटरांवर. मागून वारा असेल तर विक्रम धरत नाहीत, असं ढोबळ मानानं म्हणता येईल. ताशी सहा किलोमीटरच्या वर वारा असला, की त्या खेपेचा विक्रम बाद.

सप्टेंबर २०१३ मध्ये ओब्री तिथे उतरला. स्वप्न मोठं होतं. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर! प्रत्यक्षात वेग भरला ताशी ५६.६२ मैल, म्हणजे ९१ किलोमीटर. २०० मीटर अंतर त्यानं आठ सेकंदांच्या आत कापलं. पालथं झोपून चालवायच्या सायकलींमधला तो नवा विक्रम ठरला.

त्याच मेळ्यात नेदरलंडच्या डेल्फ्ट आणि ॲमस्टरडॅम इथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेली सायकलही होती. तिच्यात उताणं झोपून सेबास्टियान बोवियर ताशी १३३.७८ किलोमीटरनं धावला. पुढे २०१६ मध्ये कॅनडाच्या टॉड रायकर्टनं त्याच रस्त्यावर ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच्या 'एटा' सायकलीला बाहेर बघायला काचसुद्धा नव्हती. आतल्या पडद्यावर कॅमेऱ्यातून रस्ता बघायचा आणि पाय मारायचे!

मग ओब्री हरला का? १०० मैलांचं स्वप्न पुरं झालं नाही, हे खरंच. वाऱ्याचा तो आठपटीचा हिशेब आठवा. वेगाचं प्रत्येक पुढचं पाऊल आधीच्यापेक्षा महाग असतं. विद्यार्थ्यांच्या मोठ्या पथकाजवळ संगणक होते, प्रयोगशाळा होती, तरी त्यांनाही १०० मैल गाठता आले नाहीत. ओब्रीजवळ स्वयंपाकघर होतं. पालथं झोपून, मागे-पुढे पाय मारून सायकल कुठवर जाते, हे त्यानं स्वतःच्या अंगावर घेऊन जगाला दाखवलं. मोजलेला ९१ चा आकडा हा न मोजलेल्या १६० च्या गप्पांपेक्षा मोठा असतो.

आता तुम्ही करून बघा

रस्त्यावर सायकलीवर झोपायचा प्रयत्न मात्र कुणीही करायचा नाही. ओब्रीसाठी रस्ता बंद केला होता, पकडायला माणसं होती. आपल्यासाठी शाळेचं मैदान आहे. प्रयोग असा करा.

हलका उतार असलेली मोकळी जागा शोधा. एक मोठं माणूस सोबत असू द्या. एका ठिकाणी चुन्यानं रेघ मारा. रेघेवरून सायकल नुसती सोडायची. पायडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, हात हँडलवर आणि नजर समोर. आधी ताठ बसून तीन वेळा. सायकल जिथे आपोआप थांबेल तिथपर्यंतचं अंतर मोजा. मग अंग पुढे वाकवून, कोपरं आत घेऊन तीन वेळा. पुन्हा मोजा. शेवटी टायरमध्ये हवा नीट भरून तोच प्रयोग करा. सगळे आकडे वहीत लिहा. वारा कुठून वाहत होता तेही लिहा. फरक दिसला नाही तर तेही लिहा, आणि का दिसला नाही त्याचा विचार करा. हळू वेगात वाऱ्याची चोरी कमी असते, हे विसरू नका!

आईबाबांना एक विनंती. घरात एखादं भोक पडलेलं पातेलं, बंद पडलेला पंखा किंवा मोडकं शिलाई मशीन असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी आठवडाभर मुलांच्या हाती द्या. विजेची वायर तेवढी आधी काढून टाका. एक पाना आणि एक पेचकस द्या, आणि शेजारी बसा. बेअरिंग कसं फिरतं, दांडा कुठे जोडलाय, हे मुलं उलगडून बघतील. परत जोडता आलं नाही तर रागावू नका.

आणि मुलांनो, जाता जाता एक गणित. टॉड रायकर्टला ताशी १४४.१७ किलोमीटर वेगानं २०० मीटर अंतर कापायला किती सेकंद लागले असतील? वहीत सोडवा. उत्तर पाचच्या आसपास आलं, तर गणित बरोबर!